तेराव्या अध्यायातला फाटा

ज्यांनी माझं भलं केलं, अशा माणसांची यादी मी अधूनमधून मनाशी म्हणत असते. मराठवाड्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी मला आठवीत संस्कृत घ्यायला लावणारे सर, वसतिगृहाच्या रेक्टरबाई, परीक्षेच्या फॉर्मवर शेवटच्या दिवशी सही मिळवून देणारे ऑफिसातले काका, आणि या सगळ्यांच्या आधी माझी आई. तिने मार्केट यार्डात पोती शिवून मला एम.ए.पर्यंत पोचवलं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. त्यामुळे ही यादी विसरणं मला परवडत नाही.

गंगाधरगुरुजी या यादीत नाहीत. त्यांनी माझं काही भलं केलं नाही, करायची त्यांची इच्छाही नव्हती. तरी माझ्या विषयाची गोष्ट निघाली की सर्वांत आधी त्यांचा आवाज कानात येतो, आणि मला आजही त्याचा राग येतो.

दोन हजार सालानंतरची पहिली काही वर्षं असतील. मी भाईंदर पूर्वेला एका खाजगी शाळेत मराठी आणि संस्कृत शिकवत होते. धाकटा भाऊ काशीमीऱ्याला एका गोडाऊनमध्ये कामाला होता. आम्ही दोघं गोडदेवच्या बाजूला एका चार मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. लिफ्ट नव्हती. मागच्या बाजूला स्टीलची भांडी पॉलिश करायचे गाळे होते, त्यांची घरघर सकाळी नऊला सुरू व्हायची ती दिवस मावळेपर्यंत. आमच्या डोक्यावर, चौथ्या मजल्यावर, गुरुजी एकटे राहायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूल नव्हतं.

राहायला आल्यावर दुसऱ्याच दिवशी शाळेतून परतताना जिन्यात मला दोन पुरुषी आवाज ऐकू आले. एक आवाज थोडं म्हणायचा, दुसरा तिथून उचलायचा. मागे भांड्यांची घरघर चालू होती, तरी त्या आवाजांना तिचा काही उपद्रव होत नव्हता. ते काय आहे हे मला दोन मिनिटांत कळलं आणि हातातली भाजीची पिशवी घेऊन मी तिथेच उभी राहिले. वेद शब्दाशब्दाला गुंफून म्हणण्याच्या पद्धती असतात, त्यांतली सगळ्यात अवघड तिला घनपाठ म्हणतात, हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. पण कानांनी ते कधीच ऐकलं नव्हतं.

मुलांना मी घनपाठ असा समजावते: दहिसर मीरारोड, मीरारोड दहिसर, दहिसर मीरारोड भाईंदर, भाईंदर मीरारोड दहिसर, दहिसर मीरारोड भाईंदर. मग एक स्टेशन सोडायचं आणि पुन्हा पहिल्यापासून हेच: मीरारोड भाईंदर, भाईंदर मीरारोड, असं पुढे. हजारो शब्द याच रीतीने, प्रत्येकाचा स्वर सांभाळून, कागद न बघता. शब्द असे उलटसुलट बांधले की कुणालाही त्यात एक अक्षर घालता येत नाही की काढता येत नाही. छपाई नव्हती तेव्हा लोकांनी माणसाच्या गळ्याचीच तिजोरी केली. मुलं हसतात आणि विरारपर्यंत जातात.

त्या दिवशी न राहवून मी वर जाऊन बेल वाजवली. बाहेरचं जाळीचं दार बंदच राहिलं, आतलं लाकडी दार उघडलं. बुटका माणूस, मोठे कान, आखूड धोतर, वर पूर्ण बाह्यांचा शर्ट.

"कोण?"

"मी खाली राहायला आलेय. तुमचं म्हणणं ऐकू आलं म्हणून आले. माझं संस्कृतात एम.ए. झालंय."

"गाव?"

मी गाव सांगितलं.

"आडनाव?"

मी आडनाव सांगितलं. आम्ही बौद्ध. आडनावावरून ज्याला कळायचं त्याला लगेच कळतं. त्यांना कळलं.

"मग संस्कृत कशाला घेतलंत, बाई? मराठीत एम.ए. करायचं. सोपं गेलं असतं."

"मला सोपं नको होतं."

आतून कुणीतरी खुदकन हसलं. ते दत्तंभट, समोरच्या इमारतीत राहणारे, गुरुजींचे बरोबरीचे. गुरुजी हसले नाहीत.

"छापील वाचून आलेली विद्या म्हणजे दुसऱ्याने चावून टाकलेला घास. त्याने पोट भरत नाही. या आता."

'या' म्हणजे जा. दार लागलं.

त्यानंतर माझी चाहूल लागली की वरचा आवाज थांबायचा. माझ्या चपला वाजतात हे मला उशिरा कळलं. मग मी चपला हातात घेऊन जिना चढायला लागले. एम.ए. झालेली, पगार घेणारी बाई चोरासारखी अनवाणी जिना चढतेय, कशासाठी, तर भिंतीआडून दहा मिनिटं कानावर पडावं म्हणून. हे मी आईला सांगितलं नव्हतं.

गुरुजींचं वैर माझ्यापुरतं नव्हतं, हे न्याय म्हणून सांगायला हवं. ते सगळ्यांचेच वैरी होते. स्टेशनजवळच्या कॅसेट-सीडीच्या दुकानात एका स्तोत्राची सीडी दिवसभर लावलेली असायची. गुरुजी एकदा तिथे उभे राहून मालकाला म्हणाले, "ये बंद करो. ये मंत्र नहीं है, ये भोंगा है."

"महाराज, रोज के दस पीस निकलते हैं," मालक म्हणाला. "आप भी अपना रेकॉर्ड कर लो. आपका फोटो डालेंगे ऊपर."

"मेरा फोटो श्राद्ध को लगाना," गुरुजी म्हणाले आणि चालू लागले. ही हकिकत तो मालकच येणाऱ्याजाणाऱ्याला हौसेने सांगायचा.

मोटारसायकलवरून पूजा सांगत फिरणारा एक तरुण भटजी त्यांच्याकडे शिकायला आला होता. त्याला मीरारोडच्या घरांतून वास्तुशांतीची बोलावणी भरपूर होती, पण एक सूक्त पक्कं येत नव्हतं. "गुरुजी, महत्त्वाचं तेवढं सांगा, बाकी मी पुस्तकात बघून घेतो," असं तो म्हणाला. गुरुजींनी त्याला जिन्यापर्यंत पोचवलं आणि वरून ओरडून सांगितलं, "महत्त्वाचं तेवढं म्हणजे, मोटारसायकल सावकाश चालवा." सगळ्या जिन्याने ऐकलं.

इमारतीला पाणी दिवसाआड यायचं, तेही पाऊण तास. ती वेळ आणि गुरुजींची म्हणायची वेळ एकदा एकत्र आली. नळ उघडा होता, पिंप भरलं, वाहायला लागलं, पाणी दाराखालून जिन्यात आलं. आमच्या शेजारच्या हंसाबेन पदर खोचून वर गेल्या. "काका! नल बंद करो! पूरा पानी नीचे जा रहा है!" गुरुजी आणि दत्तंभट दोघंही पाण्यात मांडी घालून बसलेले, धोतरं भिजलेली, आणि पाठ चालू. एका मंत्राच्या मध्ये उठायचं नाही हा नियम. हंसाबेन जाळीतून हात घालून कडी काढून आत शिरल्या, नळ बंद केला आणि बाहेर आल्या. मंत्र संपल्यावर गुरुजी उठले, ते आभार मानायला नाही. "दार उघडून आत आलात. आता मला पुन्हा आंघोळ." हंसाबेन पुढे वर्षभर हे सांगून हसत होत्या. मला हसू आलं नाही. त्यांना तरी आत जाता आलं होतं.

मग दत्तंभट गेले. दवाखान्यात नेलं आणि चार दिवसांत संपलं. तेरा दिवस वरून काही आवाज आला नाही. त्यानंतर जे सुरू झालं, त्याबद्दल मला पहिल्यांदा हंसाबेननीच सांगितलं. "टीचर, काका आधा बोलते हैं, फिर चुप हो जाते हैं. फिर आधा बोलते हैं. तबियत ठीक नहीं है क्या?"

मी चपला हातात घेऊन वर गेले. गुरुजी आपला भाग म्हणत होते आणि दत्तंभटांच्या भागाएवढी जागा रिकामी सोडत होते. चाळीस वर्षं असंच म्हटलेलं. अर्धं त्यांच्या गळ्यात होतं, अर्धं कानात. कानातलं आता गळ्यात आणायला हवं होतं, आणि ते येत नव्हतं.

घनपाठ्याला रोज आवृत्ती करावी लागते. एक भाग काही महिने म्हटला नाही की तो सुटतो, आणि एकदा सुटला की या वयात परत बसत नाही. ऐकायला कुणी नसेल तर आपण चुकलो हेही कळत नाही, कारण चूक म्हणणाऱ्याला बरोबरच वाटते. त्यांच्या शाखेचा घन म्हणणारं या वस्तीत दुसरं कुणी नव्हतं. गुरुजींकडे जपायला तेवढी एकच गोष्ट होती.

त्यांच्या वेदाच्या तेराव्या अध्यायात, अगदी सुरुवातीला, एक मंत्र आहे. तोच मंत्र जसाच्या तसा पंचविसाव्यातही येतो. मंत्र संपला की तेराव्यातून पुढे वेगळं आहे आणि पंचविसाव्यातून वेगळं. काशीमीऱ्याच्या नाक्यावर यावं आणि ठाण्याला वळायचं तर गाडी सरळ वसईकडे जावी, तशी ती जागा. रस्ता गुळगुळीत, गाडी छान चाललेली, म्हणून चुकल्याचं कळतही नाही. एका दुपारी पदं छापलेलं पुस्तक उघडून मी जिन्यात उभी होते. गुरुजी त्या फाट्याशी आले आणि सरळ पंचविसाव्यात निघून गेले. रेटून, सुंदर म्हणत.

माझ्या तोंडून निघून गेलं, "गुरुजी, पंचविसाव्यात गेलात."

आवाज थांबला. मी खाली पळाले.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर ते वरच्या जिन्याच्या कठड्याशी उभे होते.

"काल कोण बोललं?"

"मी."

"पाठ येतो तुम्हाला?"

"येत नाही. पदं सुटी करून छापलेलं पुस्तक आहे माझ्याकडे. पदं समोर असली की घन कसा जाईल ते कळतं."

ते माझ्याकडे नाही, भिंतीकडे बघत होते. मग अटी सांगितल्या. वाण्याने उधारीच्या अटी सांगाव्या तसा आवाज होता.

"तीन वाजता यायचं. बाहेर बसायचं. दाराच्या आत यायचं नाही. पुस्तक मला दिसता कामा नये. तुम्ही एक अक्षर उच्चारायचं नाही. चुकलं तर जाळीवर एकदा टकटक. एकदाच. मी शोधेन कुठे ते. आणि हे शिकवणं नव्हे. बाहेर जाऊन माझ्याकडे शिकते असं सांगायचं नाही."

मी हो म्हटलं. का म्हटलं, याचं उत्तर मी बरीच वर्षं शोधते आहे. अभिमानी बाई असते तर खाली निघून गेले असते. पण मला ऐकायचं होतं.

शाळा सकाळची असल्यामुळे तीनला मी मोकळी असायचे. जिन्याच्या वरच्या पायरीवर, मांडीवर पुस्तक. आत तो माणूस भिंतीकडे तोंड करून बसलेला. त्यांच्या शाखेत स्वर हातानेही दाखवतात, तो हात तेवढा मला जाळीतून दिसायचा: वर, खाली, बाजूला. चूक झाली की मी टकटक करायची. हात हवेत थांबायचा. मग ते चार शब्द मागे जायचे, पुन्हा यायचे, आणि बरोबर वाट सापडली की नुसतं "हं" म्हणायचे. ते 'हं' माझ्यासाठी नव्हतं. पण सांगते, ते कानावर आलं की अंगावर काटा यायचा.

"एकदा सभेत मी चुकलो होतो," असं त्यांनी एकदा पाठ संपल्यावर भिंतीकडे बघत सांगितलं. माझ्याशी बोलले असं म्हणवत नाही. "आमच्या गुरूंनी सगळ्यांसमोर पळीने पंचपात्रावर ठणठण केलं. घरी आल्यावर म्हणाले, ज्याला चूक ऐकू आली आणि जो गप्प बसला, त्याने चूक केली. म्हणणाऱ्याची ती नुसती अडखळ." मग आत गेले.

सुट्टीत आई आली. तिने दोन दिवस काही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या मागून जिना चढून आली.

"तू भायेर काऊन बसलीस?"

मी तोंडावर बोट ठेवलं. आतला पाठ चालू होता.

"म्या इचारलं, भायेर काऊन बसलीस? घरात कुणी मेलंय का त्याच्या?"

पाठ मंत्राच्या शेवटी थांबला. गुरुजी दाराशी आले. आईने पदर डोक्यावर घेतला नाही. वयाने मोठ्या माणसासमोर ती नेहमी घेते.

"महाराज, माझी पोर तुमच्या चुका काढती का?"

"काढतात," गुरुजी म्हणाले.

"अन् बसती उंबऱ्याच्या भायेर?"

"मी बोलावलं नाही कुणाला. त्या स्वतः येतात."

ते खरं होतं, म्हणून जास्त लागलं.

"म्या पंधरा वर्सं पोती शिवली," आई म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. "दाभणानं बोटं फुटली. ते हिनं तुमच्या जिन्यात बसावं म्हून नव्हं." मग माझ्याकडे वळली. "त्याला येतंय ते इसरू दे की. तुझं काय जातंय? लई वर्सं आपल्या लोकायच्या कानावर पडू दिलं नाही. आता त्याच्याच तोंडातून गळायलंय, तर गळू दे."

गुरुजींनी आतलं दार लावलं, हळूच. दुसऱ्या दिवशी तीनला मी वर गेले तेव्हा पायरीवर चौघडी केलेलं एक पोतं ठेवलेलं होतं. बसायला. मी ते बाजूला सारून फरशीवर बसले. ते काय मनात धरून ठेवलं, हे मी त्यांना विचारलं नाही, आणि पोती शिवणाऱ्या बाईच्या मुलीला बसायला पोतं देणाऱ्या माणसाला त्याचा अर्थ कळला असेल असंही मला वाटत नाही.

असं वर्षभर चाललं. तेराव्याचा फाटा मात्र सुटत नव्हता. आठवड्यातून दोनदा तरी ते तिथून पंचविसाव्यात जायचे, मी टकटक करायची, ते परत यायचे. कधी कधी न चुकता वळण घ्यायचे.

भाईंदर पश्चिमेच्या एका मंडळाने त्यांचा सत्कार ठरवला. शाल, श्रीफळ आणि अर्धा तास पाठ. गुरुजींना सत्काराची हौस नव्हती, पण बऱ्याच वर्षांनी सभेत म्हणायचं होतं. कुठला भाग म्हणणार, असं कार्यकर्त्यांनी विचारलं तेव्हा ते म्हणाले, तेरावा. सोपा भाग निवडता आला असता. पण सोप्याकडे जाणं त्यांच्याही स्वभावात नव्हतं, एवढं आमचं एक जुळत होतं.

आदल्या दिवशी पाठ संपल्यावर जाळीपलीकडून म्हणाले, "उद्या डाव्या हाताला दुसऱ्या रांगेत बसा. तो कान चांगला आहे माझा. चुकलं तर खुर्चीवर टकटक."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोरच सभा असते."

मी नवी साडी नेसून गेले. खरं सांगायचं तर मला आनंद झाला होता. हॉलमध्ये दीडदोनशे माणसं होती. बहुतेकांना कळणारं काही नव्हतं, पण हात जोडून बसली होती. सुरू होण्याआधी मंडळाचे अध्यक्ष गुरुजींपाशी होते. मला दुसऱ्या रांगेत बसताना बघून त्यांनी विचारलं, "या मॅडम तुमच्या शिष्या का, गुरुजी? बोलवा ना स्टेजवर. गुरुशिष्यांचा एक फोटो घेऊ."

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. आजूबाजूला पाच-सहा उपाध्ये मंडळी होती. एकाने वळून माझ्याकडे बघितलं.

"छे," गुरुजी म्हणाले. "शाळेत शिकवतात. शेजारी राहतात."

शिष्या नव्हतेच मी, त्यांनी खोटं काही सांगितलं नाही. पण "माझा पाठ या तपासतात" एवढं म्हणायला चार शब्द लागले असते. वर्षभर जो माणूस माझ्या बोटाच्या आवाजावर चालत होता, त्याला ते चार शब्द जड झाले. मी दुसऱ्या रांगेत बसले.

त्यांनी सुरू केलं. आवाज असा लागला होता की मागचे पंखे कुणीतरी आपणहून बंद केले. फाटा जवळ आला. मंत्र संपला. आणि गंगाधरगुरुजी सरळ पंचविसाव्यात गेले.

माझं बोट खुर्चीच्या हातावर होतं. मी ते उचललं. आणि टेकवलं नाही.

स्टेजवरून त्यांचा डावा कान माझ्याकडे होता. ते ऐकत होते, हे मला दिसत होतं. टकटक आली नाही, म्हणून ते निर्धास्त पुढे गेले. तीन मंत्र, चार मंत्र. हॉलमध्ये कुणालाही काही कळलं नाही, त्या उपाध्यांनाही नाही. शेवटी टाळ्या झाल्या, शाल झाली, अध्यक्षांचं भाषण झालं.

परतताना पूल ओलांडून पूर्वेला येईपर्यंत आम्ही एकाच रिक्षात होतो. कार्यकर्त्यांनी बसवून दिलं होतं. गुरुजी एका कडेला, मध्ये त्यांची पिशवी आणि नारळ, दुसऱ्या कडेला मी. मी त्यांना खूश झालेलं कधी पाहिलं नव्हतं. ते खूश होते. गुडघ्यावर बोटं वाजवत होते.

"एकदाही नाही," ते म्हणाले. "वर्षात पहिल्यांदा. एकदाही टकटक नाही."

तेव्हा गप्प राहता आलं असतं. एका म्हाताऱ्याला एक संध्याकाळ देता आली असती.

"चुकलं होतं," मी म्हटलं. "पंचविसाव्यात गेलात. शेवटपर्यंत तिथेच होतात."

बोटं थांबली. रिक्षावाला आरशातून बघायला लागला.

"मग वाजवलं का नाही?"

"मी शेजारी राहते, गुरुजी."

इमारतीपाशी उतरल्यावर ते नारळ हातात धरून म्हणाले, "माझ्याशी भांडण होतं तर माझ्याशी करायचं. माझ्या तोंडावर थुंकायचं. पाठाचा काय गुन्हा होता?"

"माझा काय गुन्हा होता?"

जिना चढताना ते प्रत्येक मजल्यावर थांबत होते. मी पुढे होऊन पिशवी घेतली नाही.

मी वर जाणं बंद केलं. ते काय म्हणताहेत, हे खालून ऐकू येतच होतं. सभेत एकदा बिनहरकत म्हटलेली चूक गळ्यात घट्ट बसते, हे त्यांना माहीत होतं, आणि मलाही समजायला लागलं. पूर्वी ते फाट्यावर कधी चुकायचे, कधी सुटायचे. आता दर वेळी चुकत होते. पंचविसाव्यात शिरायचे, चार शब्दांवर शंका यायची, थांबायचे, कारण खात्री द्यायला कुणी नव्हतं. माझ्या घराच्या छतावर तो एकच मंत्र दुपारभर घासला जायचा. मी रेडिओ लावायचे. हे मी केलं. ते मी केलं नाही असं सांगून मला बरं वाटणार नाही.

दोन-अडीच महिन्यांनी, शाळेच्या मधल्या सुट्टीत शिपाई म्हणाला, "बाई, गेटवर कोणी आजोबा आलेत. नाव सांगत नाहीत. संस्कृतवाल्या बाई म्हणतात."

गेटबाहेर वडापावच्या गाडीशेजारी गुरुजी उभे होते. तळणाचा धूर, मुलांचा गलका, शेअर रिक्षावाल्यांचं "नवघर, नवघर".

"क्षमा मागायला आलेलो नाही," ते म्हणाले.

"मीही मागणार नाहीये."

"बरं. मग ऐका."

आणि त्या माणसाने तिथे, फुटपाथवर, तेरावा सुरू केला. ज्यांच्या कानावर पडू नये म्हणून त्यांनी आयुष्यभर दारं लावली, ते सगळे कान तिथे होते. वडापाववाला झारा हातात धरून बघत राहिला. दोन रिक्षावाले हसले, मग हसायचे थांबले. फाटा आला. ते पंचविसाव्यात वळले.

"थांबा," मी म्हटलं. मोठ्याने, तोंडाने.

त्यांनी मान हलवली. मागे गेले. पुन्हा आले. पुन्हा तिकडेच.

"थांबा."

तिसऱ्यांदाही तसंच झालं. माझं पुस्तक वर स्टाफरूममध्ये होतं, पण ते शब्द मला आता पुस्तकाशिवाय येत होते. मी ते सांगणार होते. तोंडावर आलेच होते. गुरुजींनी हात आडवा केला.

"सांगू नका. नुसतं थांबवा."

घंटा झाली.

"जा," ते म्हणाले. "मुलं खोळंबलीत."

त्या दिवाळीच्या आधी त्यांचा पुतण्या त्यांना नाशिककडच्या गावी घेऊन गेला, आणि पुढच्या वर्षी ते गेल्याचं हंसाबेनना कुणाकडून तरी कळलं. गावी त्यांचं ऐकायला कुणी बसत होतं का, ते वळण त्यांना कधी सापडलं का, हे मला माहीत नाही. मला त्यांची आठवण येते असं मी म्हणणार नाही.

गेटवरच्या त्या दिवशी, घंटेनंतर, माझा आठवीचा तास होता, दुसऱ्या मजल्यावर, रस्त्याच्या बाजूला. मुलं एका सुरात विभक्ती म्हणत होती. मी खिडकीशी गेले. गुरुजी अजून तिथेच होते. वरून आवाज ऐकू येत नव्हता, फक्त हात दिसत होता: वर, खाली, बाजूला. मी मनात त्यांच्याबरोबर चालत गेले. हात बरोबर त्या फाट्यावर आला आणि हवेत राहिला. त्यांनी मान वर करून शाळेच्या खिडक्यांकडे पाहिलं, एकेका खिडकीकडे, मी कुठल्या वर्गात आहे हे त्यांना माहीत नव्हतं. मागून एका रिक्षाने हॉर्न दिला. ते एक पाऊल बाजूला सरले, आणि हात पुन्हा वर गेला.